मल्टीमीटर म्हणतो ३.७ ओहम, मग मोटार ११२ अँपिअर का ओढत नाही?

संत्रीवाला_कारंजा | २३ मार्च, रात्री १०:४०

राम राम मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

कारंजा (घाडगे) तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. विहिरीवर ५ एचपीची थ्री फेज पाणबुडी मोटार. दिवाळीपासून तिची वाइंडिंग (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) दोनदा जळाली. रिवाइंडिंगवाला म्हणतो व्होल्टेज पुरत नाही, लाइनमन म्हणतो तुमची मोटारच खराब, आणि दोघांच्या मधात माझे साडेचार-साडेचार हजार दोनदा गेले. आंबिया बहाराची फळं आता बोराएवढी आहेत. या दिवसांत पाण्याचा खाडा पडला की गळ लागते. म्हणून तिसऱ्यांदा जळायच्या आधी शहाणं व्हायचं ठरवलंय.

पोरगा नववीत आहे. त्याच्या पुस्तकात ओहमचा नियम आहे: विभवांतर भागिले विद्युतधारा म्हणजे रोध. आपल्या भाषेत व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम. आणि व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. म्हटलं चल, मोटारीवरच करून पाहू.

मोटार दुरुस्त होऊन आली तेव्हा विहिरीत सोडायच्या आधी मल्टीमीटरने वाइंडिंग मोजली. दोन्ही सुया एकमेकींना टेकवल्या तरी ०.४ दाखवतो, तो वायरींचाच रोध. लाल-पिवळ्यात ४.१ आला, त्यातून ०.४ वजा, राहिले ३.७ ओहम. तिन्ही जोड्या सारख्या. पोराने वहीत मांडलं: थ्री फेजचे ४१५ व्होल्ट ÷ ३.७ = ११२ अँपिअर.

११२ अँपिअर! गल्लीतली डीपी उडायची.

मग मोटार सोडून, चालू करून, शेजाऱ्याचा टाँग टेस्टर (तार जबड्यात धरून अँपिअर मोजणारा) मागून आणला. अख्खी केबल जबड्यात धरली तर ०.० दाखवतो. मोटार चालू, पाइपातून पाणी धो धो पडतंय, आणि टेस्टर म्हणतो करंटच नाही. पोरगा हसायला लागला. नंतर कळलं की तिन्ही तारा एकत्र धरल्या तर जाणारा-येणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतो. एकच तार धरायची असते. केबलचं वरचं साल सोडवलं, निळी तार एकटी घेतली: ९.१ अँपिअर.

तर आता सांगा. हिशेबाने ११२, मोजून ९. ओहम चुकला, मीटर चुकला, का आम्ही चुकलो? आणि मोटार का जळते, ते यातून कळू शकतं का?

भुईमूग | २३ मार्च, रात्री १०:५८

मीटर दीडशे रुपयांचा आहे ना? मिळालं उत्तर.

पुसदकर_पुण्यात | २३ मार्च, रात्री ११:२०

मीटर बिचारा बरोबर आहे. बंद वस्तूचा रोध मोजून चालू वस्तूचा करंट काढायला गेलात, तिथे गाडी रुळावरून उतरली.

उद्या एक प्रयोग करा. घरात जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब असेल (सीएफएल, एलईडी नको, तारेचाच पाहिजे). आधी हिशेब: वॅट म्हणजे व्होल्ट × अँपिअर, म्हणून १०० ÷ २३० = ०.४३ अँपिअर. आणि रोध २३० ÷ ०.४३, नेमका काढला तर ५२९ ओहम. मग तो बल्ब होल्डरमधून काढून, गार असताना, मल्टीमीटरने मोजा. काय येतं ते इथे लिहा. मी आधी सांगत नाही.

संत्रीवाला_कारंजा | २४ मार्च, सकाळी ८:०५

बल्ब गोठ्यातला काढला. ३८ ओहम. दोनदा मोजला. पोराने लगेच केलं: २३० ÷ ३८ = ६ अँपिअर, म्हणजे जवळपास १४०० वॅट. गोठ्यात हिटर लावल्यासारखं! आता माझं डोकं आणखी फिरलं.

पुसदकर_पुण्यात | २४ मार्च, सकाळी ९:३०

३८ पण खरं आणि ५२९ पण खरं. आत टंगस्टनची तार आहे. गार असते तेव्हा ३८, आणि पेटून अडीच हजार अंशांच्या आसपास गेली की ५२९. धातू जितका तापेल तितका रोध वाढतो. बटण दाबल्याबरोबर क्षणभर खरंच ६ अँपिअर जातात, डोळ्याची पापणी लवायच्या आत तार तापते आणि करंट ०.४३ वर येतो. जुने बल्ब बटण दाबतानाच का फट्टदिशी जायचे, ते आठवा.

मुद्दा एवढाच: चालू वस्तूचा रोध ओहमच्या खुणेवर मोजता येत नाही. ती चालू ठेवून तिच्यावरचे व्होल्ट मोजायचे, तिच्यातून जाणारे अँपिअर मोजायचे, आणि भागाकार करायचा. ओहमने तरी दुसरं काय केलं होतं?

गणितमास्तर | २४ मार्च, दुपारी १:१५

ओहमचं नाव निघालं म्हणून निवृत्त मास्तरला राहवलं नाही. गेओर्ग ओहम आमच्याच जातीचा, म्हणजे शाळामास्तर. जन्म १७८९, जर्मनीतल्या एर्लांगेनचा. प्रयोग करायचा म्हटलं तर त्याच्या काळच्या बॅटऱ्या भरवशाच्या नव्हत्या, व्होल्टेज सारखं खालीवर. (आपल्या फीडरची आठवण येते की नाही?) मग त्याने बिस्मथ आणि तांब्याची जोडी केली, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. त्यातून मिळाला अगदी थोडा, पण स्थिर दाब. निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडून आकडे मांडले आणि १८२७ मध्ये पुस्तक काढलं. तेव्हा फारशी कोणी दखल घेतली नाही. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिलं तेव्हा जगाला पटलं. चौदा वर्षं! आमच्या पेन्शनची फाइलसुद्धा त्याआधी निघाली.

आता मोटारीकडे. मल्टीमीटर आपल्या बॅटरीतून डीसी सोडतो, त्याला नुसती तांब्याची तार दिसते. चालू मोटारीत मात्र एसी असतो, सेकंदाला ५० आवर्तनं. त्याच्या बदलत्या चुंबकत्वामुळे वाइंडिंगमध्येच उलट दाब तयार होतो आणि तो आलेल्या व्होल्टेजला मागे रेटतो. तुमचे आकडे घेऊन पाहा. स्टार जोडणी (तिन्ही फेजच्या गुंडाळ्यांचं एकेक टोक मधे एकत्र) धरली तर एका फेजच्या वाट्याला ३.७ चे अर्धे, १.८५ ओहम. करंट ९. म्हणजे तांब्यावर खर्च होतात ९ × १.८५, साधारण १७ व्होल्ट. फेजला मिळतात सव्वादोनशेच्या आसपास. बाकीचा जोर त्या उलट दाबाशी झुंजण्यात जातो, आणि त्याच झुंजीतून पाणी वर येतं.

पंप गाळात अडकला, फिरलाच नाही, तर हा उलट दाब बराच कमी होतो आणि करंट पाच-सहा पट चढतो. सुरू करताना क्षणभर तेच होतं. म्हणून मोटार लावली की घरातले दिवे मान टाकतात.

तेव्हा मोटारीला पोराचं सूत्र असं वापरा: १.७३२ (थ्री फेजसाठी) × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर (ओढलेल्यातला खरा कामी येणारा हिस्सा). व्होल्ट ३९० आणि पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर १.७३२ × ३९० × ९ × ०.८ = ४८६० वॅट लाइनमधून जातात. ५ एचपी म्हणजे ५ × ७४६ = ३७३० वॅट. वरचे अकराशे वॅट मोटार गरम होण्यात आणि घर्षणात जातात. त्यातले एकट्या वाइंडिंगचे किती ते अँपिअरच्या वर्गाला रोधाने गुणून मिळतं: ९ × ९ × १.८५ × ३ फेज = ४५० वॅट. ही वर्गाची गोष्ट इंग्लंडच्या जेम्स जूलने १८४० च्या सुमारास शोधली. ती विसरू नका, पुढे लागणार आहे.

भुईमूग | २४ मार्च, दुपारी २:००

सर, एक शंका. व्होल्टेज कमी झालं की करंटही कमीच होणार ना, ओहमच्या नियमाने? मग कमी व्होल्टेजने मोटार जळते असं सगळे का म्हणतात? उलट ती थंड राहायला पाहिजे. आमच्याकडे रात्री ३४० व्होल्ट मिळतात, पाण्याचा रॉड तर कोमटसुद्धा करत नाही.

गणितमास्तर | २४ मार्च, दुपारी ४:४०

शंका फार चांगली आहे, आणि अर्धी बरोबर आहे. रॉडचं तुम्ही म्हणता तसंच होतं. १५०० वॅटचा रॉड म्हणजे २३० × २३० ÷ १५०० = ३५.३ ओहम. व्होल्टेज १८० वर उतरलं की करंट साडेसहावरून पाचवर येतो आणि रॉडचे उरतात ९२० वॅट. बादलीला दीडपटीहून जास्त वेळ. रॉड बिचारा गरीब आहे, दिलं तेवढं खातो.

मोटार तशी नाही. तिच्या डोक्यावर विहिरीतल्या पाण्याचं ओझं आहे आणि ते व्होल्टेज पाहून हलकं होत नाही. काम तेवढंच करायचंय आणि दाब कमी मिळतोय, म्हणून ती करंट जास्त ओढते. ३९० ला ९ अँपिअर घेणारी मोटार ३४० ला साधारण १०.३ घेईल. दिसायला वाढ सव्वा अँपिअरची. पण उष्णता वर्गाने वाढते: १०.३ भागिले ९, त्याचा वर्ग १.३१. वाइंडिंगमध्ये ३१ टक्के जास्त उष्णता! शिवाय तापलेल्या तांब्याचा रोधही वाढतो, ते वेगळंच.

कोळसाकाठ | २४ मार्च, रात्री ९:१०

वर्गाचा विषय निघालाच आहे तर चंद्रपूरवाल्याचंही ऐका. आमच्याकडून मुंबईच्या बाजूला, पडघ्यापर्यंत, ७५२ किलोमीटरची डीसी लाइन जाते. १९९९ पासून चालू आहे. १५०० मेगावॅट, एका बाजूला अधिक ५०० आणि दुसऱ्या बाजूला उणे ५०० किलोव्होल्ट. दोन तारांमध्ये झाले दहा लाख व्होल्ट. डीसी असल्याने पॉवर फॅक्टरची भानगड नाही, नववीचं सूत्र सरळ लागू: १५०० मेगावॅट ÷ १० लाख व्होल्ट = १५०० अँपिअर. हीच वीज २३० व्होल्टवर पाठवायची म्हटली तर ६५ लाख अँपिअर लागतील. त्याचा वर्ग करून पाहा, तारा वितळून रस्त्यावर वाहतील.

धूर आमच्याकडे, दिवे तिकडे, हा वेगळा धागा आहे. इथे काढत नाही.

लाइनवरचा_गडी | २५ मार्च, सकाळी ६:३०

राजेहो, वर्ग-घन सगळं वाचलं. भाऊ तं मोटारीच्या मांगंच लागले. मले आधी हे सांगा, पेटीतल्या किटकॅटमंदी (फ्यूजच्या खोक्यात) तार कोनती टाकली हाय? अन् केबल तांब्याची का अ‍ॅल्युमिनची? मी हेच काम करून राह्यलो पंधरा वर्सांपासून. लय मोटारी पान्यात नाई जळत, पेटीत जळतात.

दिवसाची लाइन असंन तवा असं करा. मोटार चालू ठेवा. मीटर एसी व्होल्टच्या सहाशेच्या मार्कावर. एक सुई किटकॅटच्या वरच्या स्क्रूले, दुसरी त्याच किटकॅटच्या खालच्या स्क्रूले. फेज तोच, वर अन् खाली. सांधा चांगला असंन तं शून्य दाखवन. दोन-पाच व्होल्ट दाखवले तं तोच तुमचा चोर. तिन्ही पाहा. अन् एकेका तारेचे अँपिअर तिन्ही लिहून घ्या, एक नाई.

पुसदकर_पुण्यात | २५ मार्च, सकाळी ९:०५

गडीभाऊंनी सांगितलंय ते सोनं आहे, पण हे वाचल्याशिवाय पेटी उघडू नका. मीटरची लाल वायर व्होल्टच्याच भोकात आहे ना, दोनदा पाहा. अँपिअरच्या भोकात राहिली तर मीटरचा रोध जवळपास शून्य, म्हणजे दोन फेज तुम्ही स्वतः हाताने शॉर्ट केलेत. मीटर हातात फुटतो, चेहरा भाजतो. ओहमच्या खुणेवर ठेवून चालू लाइनला कधीच लावायचा नाही. कोरडी फळी पायाखाली, रबरी चप्पल, एक हात खिशात. सोबत माणूस पाहिजे, आणि पोराला बांधावर उभं करा. जमणार नसेल तर गावातल्या वायरमनला बोलवा, दोनशे रुपये द्या, आकडे तुम्ही लिहा.

ज्वारीची_भाकर | २६ मार्च, दुपारी ३:२०

विषय सोडून विचारते, माफ करा, पण इथे मीटरवाली मंडळी जमली आहेत म्हणून. बाळापूरकडे राहते. काल कूलर काढला, खस नवीन टाकली. टाकीत पाणी टाकताना पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. भाच्याने मल्टीमीटर लावला, पत्रा ते अर्थिंग ९० व्होल्ट. तो म्हणतो ९० म्हणजे अर्धंच, काही होत नाही. घरात लहान लेकरू आहे.

पुसदकर_पुण्यात | २६ मार्च, दुपारी ३:४१

ताई, आधी प्लग काढा, मग पुढचं वाचा.

भाच्याला सांगा, नुसत्या व्होल्टवरून काहीच कळत नाही, मागे किती अँपिअर उभे आहेत ते पाहिजे. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध असतो १ कोटी ओहमच्या आसपास. ९० ÷ १ कोटी, म्हणजे ९ मायक्रोअँपिअर असले तरी मीटर ९० दाखवतो. कधी ते नुसतं भूत असतं, बाजूच्या तारेतून पाझरलेलं. पण पंपाच्या मोटारीत पाणी शिरून फेज पत्र्याला लागला असेल तरी सुरुवातीला असंच दिसू शकतं, आणि मुंग्या तुम्हाला येत आहेत, मीटरला नाही. त्यामुळे खरं धरून चला.

हिशेब बघा. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभ्या माणसाच्या शरीराचा रोध हजार ओहमच्या घरात येतो. पूर्ण फेज पत्र्यावर आला तर २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताची मूठ सुटत नाही, पन्नास-शंभरला हृदयाची लय बिघडते. तुमच्या मीटरजवळचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) १६ अँपिअरचा असेल तर त्याच्या लेखी हे २३० मिलिअँपिअर म्हणजे एक छोटा बल्ब. तो हलणारही नाही. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या करंटमध्ये ३० चा फरक दिसला की तो पडतो. (संत्रीवाल्या भाऊंचा टाँग टेस्टर पूर्ण केबलवर ०.० दाखवत होता ना, तेच तत्त्व.) तो बसवा, कूलरला तीन पिनांचा प्लग आणि खरी अर्थिंग द्या, पंप बदला. आणि पाणी टाकताना प्लग बाहेर, दरवेळी.

ज्वारीची_भाकर | २६ मार्च, सायंकाळी ५:५५

प्लग काढला. तिसरी पिन भाच्यानेच कापली होती, सॉकेट दोन भोकांचं आहे म्हणून. आता बोलणं खाऊन बसला आहे कोपऱ्यात. वायरमन उद्या येतो म्हणाला. आभार.

लाइनवरचा_गडी | २६ मार्च, सायंकाळी ६:१०

ताई, भाच्याले कोपऱ्यातून उठवा अन् त्यालेच सॉकेट बदलायला लावा. मेन स्विच बंद करून.

संत्रीवाला_कारंजा | ३१ मार्च, दुपारी १२:३०

उशीर झाला, मागचा आठवडाभर लाइन रात्रीची होती आणि रात्री पेटी उघडायची नाही असं घरून बजावलं होतं. आज दिवसाची मिळाली. चुलतभाऊ सोबत, पायाखाली बाभळीची फळी, पोरगा बांधावर वही घेऊन. मी आकडा ओरडायचा, त्याने लिहायचा.

केबल अ‍ॅल्युमिनियमची, ४ चौरस मिलिमीटर, पेटीपासून विहिरीपर्यंत १२० मीटर. किटकॅटमध्ये फ्यूज तार नाही, जुन्या वायरचे तांब्याचे पदर पिळून टाकलेले. (मीच टाकले होते, गेल्या वर्षी. रात्री अकरा वाजता दुसरं काय मिळणार होतं?)

करंट: लाल ८.०, पिवळा ९.४, निळा ९.१.

किटकॅटच्या वर: लाल-पिवळा ३९२, पिवळा-निळा ३९४, निळा-लाल ३९१. खाली: ३८७, ३९४, ३७९.

आणि गडीभाऊ, लालच्या किटकॅटवर वरचा स्क्रू ते खालचा स्क्रू: १२ व्होल्ट. सुई टेकवली तेव्हा मला वाटलं मीटर बिघडला. जवळ नाक नेलं तर जळक्या बेकेलाइटचा वास. हा वास मला पेटीत नेहमी यायचा, मी समजत होतो पेटीचाच आहे.

पोराने बांधावरूनच उत्तर ओरडलं: दीड ओहम! शहाण्णव वॅट!

गणितमास्तर | ३१ मार्च, दुपारी २:१०

शाब्बास. चिरंजीवांना माझ्याकडून पैकीच्या पैकी. १२ ÷ ८ = १.५ ओहम, १२ × ८ = ९६ वॅट. जवळपास शंभराचा बल्ब, एका स्क्रूखाली कोंडलेला, रोज आठ तास.

आता गंमत बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा रोध: ०.०२८२ ला लांबीने गुणायचं, जाडीने भागायचं. ०.०२८२ × १२० ÷ ४ = ०.८५ ओहम. म्हणजे विहिरीपर्यंतच्या अख्ख्या तारेचा रोध ०.८५, आणि तुमच्या एका सैल सांध्याचा दीड. दोनशे मीटरहून जास्त केबल तुम्ही त्या एका स्क्रूत गुंडाळून ठेवली होती. तो सांधा ओहमच्या खुणेवर, लाइन बंद करून मोजला असता तर बहुधा सुयांचाच ०.४ आला असता आणि तुम्ही ‘ठीक आहे’ म्हणून पेटी लावली असती.

भुईमूग | ३१ मार्च, दुपारी २:३२

पण फक्त १२ व्होल्ट कमी झाल्याने मोटार जळते? ३४० वर आमची तीन वर्षं चालली आहे.

पुसदकर_पुण्यात | ३१ मार्च, दुपारी ३:१५

भुईमूग, यावेळी शंका पूर्ण बरोबर. नुसत्या १२ व्होल्टने दोनदा जळणार नाही. तिन्ही फेज सारखेच कमी असते तर मोटारीने कमी तक्रार केली असती. एकच फेज कमी पडला की तिन्हींचा तोल जातो, आणि व्होल्टेजमधल्या दीड-दोन टक्क्यांच्या फरकाने करंटमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. वर आकडे आहेतच, ८.० आणि ९.४. पण मोटारीचा जीव घेतला असेल तो पुढच्या पायरीने. असा सांधा तापतो, फुगतो, गार होतो, आणखी सैल होतो आणि एखाद्या रात्री पूर्ण सुटतो. मग मोटार दोनच फेजवर चालते आणि उरलेल्या दोघांवर करंट जातो १.७३ पट, म्हणजे साडेपंधराच्या घरात.

संत्रीवालेभाऊ, स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (करंट ठरल्यापेक्षा वाढला की मोटार बंद करणारा) किती अँपिअरवर लावलाय?

संत्रीवाला_कारंजा | ३१ मार्च, दुपारी ४:००

पाहून आलो. १६ वर.

पुसदकर_पुण्यात | ३१ मार्च, दुपारी ४:०४

साडेपंधराला १६ चा रिले का पडेल? चौकीदाराच्या नाकाखालून चोर गेला.

लाइनवरचा_गडी | ३१ मार्च, सायंकाळी ७:२०

सारख्या सारख्या ट्रिप होते म्हनून कोनी तरी फिरवला असंन. सगळीकडं हेच. मोटारीच्या पाटीवर अँपिअर पाहा, तेवढ्यावरच लावा. सिंगल फेज प्रिव्हेंटर टाका, एक फेज गेला का मोटार बंद करते ते. अन् अ‍ॅल्युमिनची तार पितळी स्क्रूखाली नागडी दाबू नोका. अ‍ॅल्युमिनवर पांढरी बुकटी धरते, तिच्यातून करंट जात नाई, अन् ते दबून दबून ढिलं होते. तारेच्या टोकाले थिंबल (धातूची टोपी) लावून क्रिंप करा, म्हंजे दाबून बसवा. पानं-पक्कडीनं चेपलेलं थिंबल चालत नाई, सांगून ठेवतो.

संत्रीवाला_कारंजा | ३ एप्रिल, सायंकाळी ६:४५

काल लाइन गेल्यावर डीपीवरचा स्विच पाडून पेटी उघडली. लालच्या खालच्या स्क्रूची खाच काळी ठिक्कर, पेचकस बसेना. तार ओढली तर स्क्रू न सोडताच बाहेर आली. टोकाला गडीभाऊ म्हणतात तीच पांढरी बुकटी, आणि सातातले तीन पदर जळून तुटलेले. उरलेल्या चारांवर बाग उभी होती.

दोन इंच तार कापली, पॉलिश पेपरने घासली, तालुक्याहून थिंबल क्रिंप करून आणली. तिन्ही किटकॅट चिनीमातीच्या नवीन, आत फ्यूजची खरी तार. रिले पाटीप्रमाणे साडेनऊवर. प्रिव्हेंटर आणायचा आहे, सोमवारी बाजार.

आज दुपारी परत मोजलं. लाल किटकॅट: ०.१ व्होल्ट, ८.९ अँपिअर. पोराचा भागाकार ०.०११ ओहम, गुणाकार ०.९ वॅट. शहाण्णवचा एकही राहिला नाही. निळा ९.०. पेटीतला वास गेला, तर आता पेटी उघडली की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

कोळसाकाठ | ३ एप्रिल, सायंकाळी ७:०२

आणि पिवळा? तो लिहिलाच नाही.

संत्रीवाला_कारंजा | ३ एप्रिल, सायंकाळी ७:३०

पिवळा मुद्दाम गाळला होता, जेवण झाल्यावर लिहिणार होतो. ८.७ अँपिअर. नवीन किटकॅटवर वर-खाली शून्य. पण खालचा स्क्रू ते स्टार्टरचा टर्मिनल, मधली फूटभर वायर, तिथे २.१ व्होल्ट. पोरगा म्हणतो ०.२४ ओहम, १८ वॅट.

लाइनवरचा_गडी | ३ एप्रिल, सायंकाळी ७:३३

स्टार्टरचा कॉन्टॅक्ट नोका घासू आताच. आधी त्या वायरीचं स्टार्टरकडलं टोक पाहा. लाइन कवा जाते तुमची?

संत्रीवाला_कारंजा | ३ एप्रिल, सायंकाळी ७:३५

उद्या पाचला. पोराने वहीत रकाना आखून ठेवलाय.